मासिकाची नोंद एक, कॉपीराइट दुसराच!

आरोग्यावरचं मासिक काढायचं, तर कॉपीराइट रजिस्टर करावाच लागतो का? उत्तरासाठी जरा मागे जाऊ.

१८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने आपल्या नगरहून 'ज्ञानोदय' काढलं. पाच वर्षांनी, १८४७ मध्ये, कंपनी सरकारने कॉपीराइटचा कायदा केला. मग १८६७ चा कायदा आला: नियतकालिकाच्या मुद्रक-प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटपुढे डिक्लरेशन द्यायचं. म्हणजे ही नोंद लेखकाच्या हक्कासाठी नव्हती. छापलेल्या मजकुराला जबाबदार कोण, हे सरकारला कळावं म्हणून होती.

याची झळ बसली र. धों. कर्व्यांना. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, सगळं थेट मराठीत! अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांची बाजू कोर्टात मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. सरकारदरबारी नोंद होती, पण तिने कर्व्यांचं संरक्षण केलं नाही.

कॉपीराइटचं गणित मात्र वेगळं. १९१४ च्या कायद्यापासून लेख लिहिला की हक्क आपोआप मिळतो. १९५७ च्या कायद्यात रजिस्ट्रेशनची सोय आहे, पण सक्ती नाही. मग करायचं कशाला? भांडण कोर्टात गेलं तर रजिस्टरमधली नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरतात. फी एका साहित्यकृतीला ५०० रुपये. अर्जानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, मासिकाच्या नावावर कॉपीराइट मिळत नाही, आणि 'पाणी उकळून प्या' या सल्ल्यावरही नाही. तुम्ही तो ज्या शब्दांत मांडलात, त्या शब्दांवर मिळतो. दोन, बाहेरच्या डॉक्टरने मानधनावर लेख दिला, तर लेखी करार नसेल तोवर हक्क त्या डॉक्टरचाच. नगर असो की न्यूयॉर्क, हे आधीच कागदावर आणा.

कर्वे १९५३ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, या हिशोबाने त्यांचं स्वतःचं लेखन १ जानेवारी २०१४ पासून सगळ्यांसाठी खुलं झालं. ज्या मजकुरासाठी त्यांना कोर्टात उभं केलं, तो आज तुम्ही मोबाइलवर बिनधास्त वाचा, रेकॉर्ड करा, शेअर करा. त्याच अंकांतले इतरांचे लेख मात्र तपासून घ्या. त्यांची ६० वर्षं वेगळी मोजायची.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!