सत्तावन्न सालची फिरलेली मते

आमचे काशीद १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या नवाबाच्या मुलखात होते. त्या वर्षी संस्थान विलीन झाले आणि मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा टापू कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला. १९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा माझ्या आजोबांनी आयुष्यातले पहिले मत टाकले, ते काँग्रेसला. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदाराने आपला कागद आपल्या पसंतीच्या पेटीत सोडायचा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही काँग्रेसची बैलजोडी ओळखता येत होती. आजोबांच्या लेखी बैलजोडी म्हणजे गांधी, बैलजोडी म्हणजे नवाबाचा अंमल संपवणारे सरकार.

पाच वर्षांनी, १९५७ साली, त्याच आजोबांनी बैलजोडीच्या पेटीकडे पाठ फिरवली. घरात कुणी त्यांना बोलले नाही, कारण सगळ्या घराने तेच केले होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला. सत्तावन्न सालचा हा पालट मुलांना सांगताना मी नेहमी सन-सनावळ्यांवर भर देत असे. त्याचा खरा अर्थ माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला तो माझ्या भाचीमुळे. ती इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्सबी नावाच्या मासळीबंदरात परिचारिका आहे. २०१६ साली युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे यावर तिथे सार्वमत झाले. तेव्हा भारतीय पासपोर्ट असूनही तिला मत होते, कारण राष्ट्रकुलातील देशांच्या तिथे राहणाऱ्या नागरिकांना ते दिलेले होते. तिच्याच वॉर्डातल्या पोलिश सहकारिणीला मात्र ते नव्हते. त्या टापूत सुमारे ७० टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने गेली. पुढे २०१९ च्या निवडणुकीत १९४५ पासून मजूर पक्षाला निवडून देणारी ग्रिम्सबीची जागा हुजूर पक्षाने जिंकली. भाचीने फोनवर विचारले, गोदीतले, बर्फाच्या कारखान्यातले, पिढ्यान्‌पिढ्या मजूर पक्षाचे असलेले लोक असे कसे फिरले? मी तिला आजोबांची गोष्ट सांगितली.

१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि त्यात मुंबईसह मराठी राज्य नव्हते. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला. मुंबईत गोळीबार झाले, आंदोलनात शंभराहून अधिक माणसे मेली. आमच्या किनाऱ्याला ही बातमी वर्तमानपत्राच्या आधी माणसांनी आणली. मुरूड तालुक्यातल्या घराघरांतून कुणी ना कुणी लालबाग-परळच्या गिरणीत, गोदीत, नाहीतर कुणाच्या घरकामाला मुंबईत होते. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. त्यांची मनिऑर्डर आली की घरात मीठमिरची येई. भात आमचे पावसाळ्यापुरते, पुढचे आठ महिने मुंबईवर. ती मुंबई आपल्या राज्यात नसणार, हे समजायला कुठल्या पक्षाचा जाहीरनामा वाचावा लागला नाही.

त्यात कुलाब्याला आणखी एक कारण होते. १९५२ साली जिल्ह्याने लोकसभेत पाठवलेला माणूस म्हणजे चिंतामणराव देशमुख. ते महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नेहरूंचे अर्थमंत्री. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. मंत्रिमंडळाला न विचारता मुंबईचा निर्णय जाहीर झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली नाही, हे त्यांचे म्हणणे होते. ज्याच्यासाठी बैलजोडीच्या पेटीत कागद टाकला, तोच बाहेर पडला. मग मतदाराने पक्ष सोडण्यात लाज कसली? आजोबा हेच वाक्य बोलत आणि मला ते आजही बिनतोड वाटते. नेता आधी फुटला की अनुयायाचे ओझे हलके होते. केशवराव जेध्यांचेही तसेच. ते शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) संस्थापकांतले एक, मधे काँग्रेसमध्ये परतलेले आणि पुन्हा बाहेर पडून मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पुढाऱ्यांत आलेले. पक्ष बदलणाऱ्याला एरवी आपण नावे ठेवतो, पण त्या दोन वर्षांत पक्षापेक्षा मोठी निष्ठा माणसांना दिसली होती.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात ही समिती स्थापन झाली, तेव्हा एका मांडवाखाली कोण कोण आले ते पाहावे. डांग्यांचे कम्युनिस्ट, एस. एम. जोशींचे समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. पुढे निवडणुकीला हिंदुमहासभा आणि जनसंघही बरोबर होते. एरवी ही माणसे एका सतरंजीवर बसली नसती. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला मागे टाकले. यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमध्ये थोड्या मतांनी तरले. कुलाब्यातून लोकसभेवर शेकापचे राजाराम बाळकृष्ण राऊत गेले.

आता जी गोष्ट पुस्तकांत एका ओळीत उरकतात, तिथे थांबायला हवे. १९५७ ची मतदानाची धामधूम फेब्रुवारी-मार्चमधली, आणि त्याच साली १ एप्रिल हा कूळ कायद्याखालचा ‘कृषक दिन’. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले जाणार होते. हा कायदा काँग्रेस सरकारचा. म्हणजे दोन-चार आठवड्यांत ज्यांच्या नावावर जमीन चढणार, त्या कुळांनी जमीन देणाऱ्या सरकारविरुद्ध मत दिले. पोटाचा हिशेब करणाऱ्या अभ्यासकाला हे कोडे वाटेल. मला वाटत नाही. अलिबागेजवळच्या चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे शेते पडीक ठेवून, खोतांचा खंड नाकारून संप केला होता. त्यांचे पुढारी नारायण नागू पाटील. १९३४ साली डॉ. आंबेडकर चरीला सभेस आले होते. ज्यांनी जमिनीचा हक्क उपाशी राहून मागितला, त्यांना तो कायदा सरकारची मेहेरबानी वाटत नव्हता. तो आपला होता आणि मुंबईही आपली होती. दोन्ही एकाच मापाने मोजले गेले.

मुरूड तालुक्याचे तसे नव्हते. नवाबी मुलखात चरीसारखा संप झाला नाही. रेवदंड्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, अलिबागचा वारा तरीतून येई. आमची पक्षनिष्ठा एका निवडणुकीएवढीच जुनी होती, म्हणून ती सहज सुटली. हा फरक १९६० नंतर कामी आला.

१ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. समिती फुटली होती, तिचे घटकपक्ष आपापल्या वाटांनी गेले होते. कुलाब्याची लोकसभेची जागाही काँग्रेसच्या भास्कर नारायण दिघ्यांकडे आली. आजोबा पुन्हा बैलजोडीकडे गेले. पण अलिबाग, पेण, पनवेलच्या बाजूला शेकापचा लाल बावटा उभा राहिला. दि. बा. पाटील १९७७ आणि १९८४ साली तिथूनच लोकसभेत गेले आणि अलिबागची आमदारकी पुढे कित्येक वर्षे त्या पक्षाच्या घरात राहिली. समितीला मिळालेली मते उसनी होती, शेकापची मते बांधावर पेरलेली होती. संयुक्त महाराष्ट्राने शेकापला गर्दी दिली, टिकवले ते चरीने.

प्रश्न जिथे सुटला नाही तिथे काय झाले? बेळगाव, निपाणी, खानापूर भागात महाराष्ट्रात यायचे म्हणणारी महाराष्ट्र एकीकरण समिती कर्नाटकाच्या विधानसभेत दशकानुदशके माणसे पाठवत राहिली. सीमेच्या वादावर १९६७ चा महाजन अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, दावा अजून उभा आहे. तरीही २०१८ आणि २०२३ मध्ये एकीकरण समितीचा एकही आमदार आला नाही. सीमेचा प्रश्न जिवंत असेतोवर निष्ठा टिकते हे खरे, पण तिला रोजच्या जगण्यातले मूळ नसेल तर दोन पिढ्यांत तीही झिजते. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण तिथल्या माणसांनी सोसले ते कमी नव्हते.

गोव्याने तिसरी तऱ्हा दाखवली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते आणि वेगळे राहण्याचे दोन पाने. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरण हरले. पण मार्चमधल्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच ३० पैकी १६ जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला, कारण भाऊसाहेब बांदोडकर हे कुळांचे, मुंडकारांचे पुढारी होते. गोमंतकीय मतदाराने सीमा आणि सरकार या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. मला तो अत्यंत शहाणा मतदार वाटतो.

ब्रिटनला हे वेगळे काढणे जमले नाही. २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के बाहेर, ४८.१ टक्के आत असा कौल पडला. त्यानंतर तिथली माणसे स्वतःला हुजूर वा मजूर म्हणवण्यापेक्षा राहणारे वा निघणारे म्हणवू लागली, आणि लग्नाची सोयरीक करतानाही दुसऱ्या बाजूचा माणूस नको वाटावा इतपत तेढ अभ्यासकांच्या पाहणीत दिसली. ग्रिम्सबीचे दुखणे जुने होते. आइसलँडने १९७० च्या दशकात आपला समुद्र दोनशे मैलांपर्यंत बंद केला, तेव्हाच तिथल्या लांब पल्ल्याच्या बोटी किनाऱ्याला लागल्या. राग मात्र युरोपच्या सामाईक मासेमारी धोरणावर साचला. बोटी उभ्या असलेल्या बंदरातला राग कसा असतो, हे आमच्या किनाऱ्यावर समजावून सांगावे लागत नाही.

३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडले. प्रश्न सुटला असता तर मते जुन्या घरी परतली असती, जशी आमची १९६२ साली परतली. परतली नाहीत. २०२४ मध्ये ग्रिम्सबीची जागा मजूर पक्षाने परत मिळवली, पण देशभर बाहेर पडण्याच्या बाजूची मते हुजूर आणि रिफॉर्म या दोन पक्षांत फुटल्याने मजूर पक्षाला केवळ ३४ टक्के मतांवर चारशेहून अधिक जागा मिळाल्या. २०२५ साली त्याच लिंकनशायर भागाच्या पहिल्या महापौर म्हणून रिफॉर्मच्या अँड्रिया जेंकिन्स निवडून आल्या, आणि त्या पूर्वी हुजूर पक्षाच्या खासदार होत्या. मतदार कुंपण ओलांडून पलीकडे जात नाही, कुंपणाच्या आतच पक्ष बदलतो. मुंबई मिळाली हे आमच्या माणसाला डोळ्यांनी दिसले. ग्रिम्सबीच्या माणसाला त्याचा मासा परत मिळालेला दिसला नाही, म्हणून त्याचा प्रश्न कागदावर मिटला आणि मनात उघडा राहिला, असे माझे मत आहे.

१९५७ साली मताचा अधिकार एकविसाव्या वर्षी मिळे. म्हणजे त्या पेट्यांत कागद सोडणारी माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत. काशीद, बोर्ली, नांदगाव, कोर्लई, मुरूडमध्ये अशी मोजकीच उरली असतील. आपल्या घरात, शेजारी असे कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा. कुणाला मत दिले एवढेच विचारू नका. आधी कुणाला देत होता, का सोडले आणि परत का गेलात, हे विचारा, आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.