सोडणाऱ्यांचं मंडळ

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त तळीरामाचं ‘आर्यमदिरामंडळ’ आहे. तिथे सभासद आहेत, वादविवाद आहेत, एकमेकांची बाजू घेणं आहे. नाटकाचा नायक सुधाकर दारू सोडायला निघतो तेव्हा मात्र त्याच्यापाशी पत्नी सिंधूची माया, मित्र रामलालचा उपदेश आणि स्वतःची शपथ एवढंच असतं. शपथ टिकत नाही. 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात पिणाऱ्यांना मंडळ आहे, सोडणारा एकटा आहे. सोडणाऱ्यांचं मंडळ मग आलं कुठून?

कोकणात दारू सोडायची जुनी वाट माळेची. विठ्ठलाची माळ गळ्यात पडली की मद्य-मांस सुटायचं आणि भजनाला बसायला चार माणसंही मिळायची. सोबत होती, पण ती श्रद्धेच्या अटीवर. दुसरी वाट सरकारची. इंग्रजांनी 1878 च्या अबकारी कायद्याने माडीपासून भट्टीपर्यंत सगळं परवान्याखाली आणलं आणि दारू हे तिजोरीचं उत्पन्न झालं. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी 1880 मध्ये वाढत्या दारूगुत्त्यांना लेखी विरोध केला. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1950 पासून राज्यात पूर्ण बंदी आली. रत्नागिरी जिल्हा तेव्हा त्याच मुंबई राज्यात. ज्याला सुटत नव्हती, तो या कायद्याने गुन्हेगार तरी ठरला, नाहीतर परमिटवाला.

तिसरी वाट अमेरिकेतल्या ॲक्रन गावातून निघाली. मे 1935 मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी तिथे आला होता. काम फसलं. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यालगतचा बार त्याला खुणावत होता. आत न जाता त्याने चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली. या अनोळखी गावात त्याला एखादा दारुडाच हवा होता. त्याच्याशी बोललो तर आपण वाचू, असं त्याला वाटत होतं. फोनाफोनीतून गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर काही तास उठलेच नाहीत. उपदेश करणारे त्यांना पुष्कळ भेटले होते. स्वतःची फजिती सांगणारा हा पहिलाच. बॉबनी शेवटचा पेला घेतला तो दिवस, 10 जून 1935, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, स्थापनादिन मानतात.

असा प्रयोग आधीही झाला होता. 1840 मध्ये बाल्टिमोरच्या सहा पिणाऱ्यांनी मिळून दारू सोडली, त्यांची संघटना झपाट्याने पसरली आणि इतर चळवळी नि राजकारण यांच्या ओढाताणीत काही वर्षांतच विरली. ए.ए.ने 1950 मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरा या धोक्यांवरच बोट ठेवतात. वादात पडायचं नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही, कुणाचं नाव फोडायचं नाही. सभासदत्वाला अट एकच, सोडायची इच्छा. ज्या वर्षी मुंबई राज्याने बाटलीला कुलूप लावलं, त्याच वर्षी तिकडे हे नियम ठरले.

भारतात ए.ए. आलं 1957 च्या सुमारास, दिल्लीत कॅनडाच्या वकिलातीत काम करणाऱ्या एका परक्या माणसामुळे. त्यानेही वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आपल्यासारखी माणसं शोधली. लवकरच मुंबईतही सभा भरू लागली, तीही दारूबंदीच्या काळात. 1981 मध्ये फादर ज्यो परेरांनी मुंबईत ‘कृपा फाउंडेशन’ सुरू करून ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला योगाची जोड दिली. 29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांचं ‘मुक्तांगण’ उभं राहिलं, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांचा आर्थिक आधार होता. उपचार संपवून घरी गेलेल्यांसाठी गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट, यांतून ही कल्पना मराठी घरांपर्यंत पोचली.

आता पुन्हा कोकणात, राजापूरला. जवाहर चौकात कुणाची गाडी कुठे उभी आहे हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. अशा गावात नाव न फोडण्याचा नियम शहरापेक्षा जास्त मोलाचा, आणि पाळायला जास्त कठीण. म्हणून सुरुवातीला कुणी रत्नागिरीची सभा बघतो, कुणी फोनवरची. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा 14416 हे क्रमांक गावात बसूनही लागतात. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं यातून जीवही जाऊ शकतो. त्यासाठी आधी डॉक्टर. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सभा त्यानंतरची.

ही सभा गणपती मंडळाच्या अगदी उलट चालते. अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही, फलकावर फोटो नाहीत. म्हणूनच ती सुरू करायला कुणाची परवानगी किंवा निधी लागत नाही, ए.ए.च्या परंपरेप्रमाणे दारूपासून लांब राहण्यासाठी दोन-तीन माणसं जमली की गट झाला. मुंबईत सभेची सवय लागलेला एखादा चाकरमानी निवृत्त होऊन गावी येतो, शिमगा-गणपतीत हातात ग्लास घेऊन आग्रह करणारे भेटतात, आणि त्याला आपल्यासारख्या दुसऱ्याची गरज भासते. ॲक्रनमध्ये बिलची अवस्था हीच होती. गावात गट नाही म्हणून तो माघारी फिरला असता तर ए.ए. झालंच नसतं. राजापुरात शोधणाऱ्यालाही आयता गट मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला, तर त्याला फक्त आणखी एक माणूस शोधायचा आहे.