पिकप्यूची भिंत

प्रोजेक्टसाठी तीन महिने पॅरिसला होतो. पहिले चार-पाच शनिवार आयफेल टॉवर, लूव्हर वगैरे "घरी फोटो पाठवायचे" कार्यक्रमात गेले. मग एका शनिवारी काहीच सुचेना म्हणून मेट्रोने नासिओं चौकात उतरलो आणि चालत पिकप्यू नावाच्या एका छोट्या खाजगी कब्रस्तानात गेलो. ते दुपारीच उघडतं, त्यामुळे उशिरा उठणाऱ्या माझ्यासारख्यांची सोय आहे.

तिथल्या चॅपेलमध्ये भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत. त्यावर १,३०६ नावं. नाव, वय, व्यवसाय. १४ जून ते २७ जुलै १७९४ या जेमतेम सहा आठवड्यांत जवळच्या चौकात गिलोटिनखाली गेलेली ही माणसं, मागच्या आवारात दोन खड्ड्यांत पुरलेली. मी आपला शाळेतल्या पुस्तकातली क्रांती डोक्यात घेऊन गेलो होतो, म्हणजे एकीकडे विगवाले सरदार आणि दुसरीकडे भुकेली जनता. पण या १,३०६ पैकी ७०० च्या वर माणसं अगदी सामान्य घरातली होती. सरदार, धर्मगुरू, नन्स वगैरे आहेतच, पण बहुसंख्य नाहीत.

ज्या जनतेसाठी क्रांती केली तीच माणसं या भिंतीवर कशी आली? हा प्रश्न नंतर बरेच वीकेंड खात होता.

सोपं उत्तर असं, की रोबेस्पिएर नावाचा एक रक्तपिपासू माणूस सत्तेवर आला. गंमत बघा, ३० मे १७९१ रोजी याच रोबेस्पिएरने फ्रान्सच्या संसदेत फाशीची शिक्षाच रद्द करा म्हणून भाषण केलं होतं. अरासचा एक नीटनेटका वकील. ठराव पडला, पण बोलला ते मनापासून. दीड वर्षाने, डिसेंबर १७९२ मध्ये, तो म्हणाला की राजा मात्र मेलाच पाहिजे. तत्त्व कायम, हा फक्त एक अपवाद. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. प्रत्येक भयानक कोडबेसची सुरुवात "फक्त या एका केससाठी" अशीच होते.

आता खरं सांगायचं तर संकट खोटं नव्हतं. एप्रिल १७९२ पासून ऑस्ट्रियाशी युद्ध चालू होतं (आणि ते फ्रान्सनेच पुकारलं होतं, हे विसरू नये). सप्टेंबर १७९२ मध्ये शत्रू पॅरिसच्या दिशेने येतोय म्हटल्यावर जमावांनी तुरुंगांत घुसून हजाराच्या वर कैदी कापले होते. मार्च १७९३ मध्ये पश्चिमेकडे व्हाँदेमध्ये शेतकऱ्यांचं बंड पेटलं. त्याच महिन्यात क्रांतिकारी न्यायालय स्थापन झालं. त्यासाठी सगळ्यात जोर लावला तो दाँतोंने. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारने कठोर व्हावं, म्हणजे जनतेला स्वतः कठोर व्हावं लागणार नाही. सहा महिन्यांपूर्वीचं ते हत्याकांड डोळ्यांसमोर असताना मला तरी यात वेडेपणा दिसत नाही. मी तिथे असतो तर बहुधा मीही हात वर केला असता.

एप्रिल १७९४ मध्ये दाँतों त्याच न्यायालयात आरोपी म्हणून उभा राहिला. माणूस मोठा बोलका, आवाजही दणदणीत. लोकांचं मन फिरेल अशी भीती वाटली म्हणून घाईघाईने हुकूम निघाला की न्यायालयाचा अपमान करणाऱ्या आरोपीला बोलू देऊ नये. ५ एप्रिलला त्याचं मुंडकं उडालं.

पण मधल्या दोन गोष्टी मला या एका मरणापेक्षा महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे १७ सप्टेंबर १७९३ चा संशयितांचा कायदा. कुणाला धरायचं? ज्यांच्या वागण्यातून, ओळखीपाळखीतून, बोलण्यातून किंवा लिखाणातून ते स्वातंत्र्याचे शत्रू दिसतात त्यांना. ज्यांना नागरिकत्वाच्या निष्ठेचा दाखला नाकारला गेलाय त्यांनाही. सरदार घराण्यातल्या ज्यांनी क्रांतीबद्दल "सतत" प्रेम दाखवलेलं नाही, त्यांनासुद्धा! म्हणजे काही केलं म्हणून नव्हे, पुरेसं केलं नाही म्हणूनही. आणि हे ठरवणार कोण, तर गल्लीतली देखरेख समिती. तुमच्या सोसायटीच्या कमिटीला असा अधिकार दिला तर काय होईल, याचा विचार करून बघा. देशभरात सुमारे तीन लाख लोक आत गेले असा अंदाज आहे. खटला होऊन मृत्युदंड झालेले साधारण १६,६००; त्यातले बहुतेक पॅरिसमध्ये नाही, तर बंडखोर प्रांतांत.

दुसरी गोष्ट म्हणजे नवं संविधान. १७९३ मध्ये जनमत घेऊन मंजूर झालेलं, त्या काळाच्या मानाने फारच पुढारलेलं. पण १० ऑक्टोबरला ठरलं की शांतता होईपर्यंत सरकार "क्रांतिकारी" राहील, संविधान नंतर. ते कधीच लागू झालं नाही. तात्पुरता पॅच प्रॉडक्शनला गेला आणि तिथेच राहिला. असो, कोडबेसची उपमा इथेच थांबवतो.

परिस्थितीच तशी होती हो, असं म्हणणारे इतिहासकार आहेत, आणि १७९३ पुरतं मला ते पटतं. १७९४ च्या उन्हाळ्यापुरतं पटत नाही. तोवर बंडं मोडली होती. २६ जूनला फ्लेरसला फ्रान्सने मोठी लढाई जिंकली. संकट ओसरलं तर भीतीही ओसरायला हवी ना? झालं उलटंच. मे अखेरीस नेत्यांवर हल्ल्याचे प्रयत्न झाले, आणि १० जूनला कूथोंने प्रेरिअलचा कायदा मांडला. आरोपीला वकील नाही. "नैतिक पुरावा" असेल तर साक्षीदारांची गरज नाही. निकाल दोनच, सुटका किंवा मृत्यू. काही सभासद म्हणाले, निदान विचाराला वेळ द्या. रोबेस्पिएरने आजच्या आज मंजुरी हवी म्हणून आग्रह धरला आणि ती मिळाली. चार दिवसांनी गिलोटिन नासिओंच्या चौकात हलवलं. पिकप्यूची भिंत सुरू होते ती इथून.

भीतीने घाबरवणाऱ्यांनाही सोडलं नाही. २६ जुलैला रोबेस्पिएर दोन तास बोलला. म्हणाला, आपल्यातच कटवाले आहेत. नावं सांगा, म्हणून ओरडा झाला. त्याने सांगितली नाहीत.

मंदीच्या काळात आमच्या एका मॅनेजरने मीटिंगमध्ये सांगितलं होतं की "काही लोकांना जावं लागेल", आणि नावं सांगितली नव्हती. त्या दिवशी कँटीनमध्ये कोण कुणाशी बोलतंय यावरच सगळ्यांचं लक्ष. (तुलना पोरकट आहे, मान्य. आमची फक्त नोकरी जाणार होती.) पण यादी जाहीर झाली असती तर पाच-दहा जण घाबरले असते, न झाल्यामुळे सगळेच घाबरले. पॅरिसमध्येही त्या रात्री हेच झालं. फूशे, तालिएं वगैरे मंडळी, ज्यांचे स्वतःचे हात प्रांतांत रक्ताने माखले होते, ती रातोरात एक झाली. दुसऱ्या दिवशी रोबेस्पिएरला अटक, आणि २८ जुलैला तो आणि त्याचे २१ साथीदार गिलोटिनखाली. खटला नाहीच. कायद्याबाहेर घोषित केल्यामुळे फक्त ओळख पटवायची होती. त्यानेच घडवलेल्या पद्धतीपेक्षाही आखूड काम. प्रेरिअलचा कायदा १ ऑगस्टला रद्द झाला.

या सगळ्यात मला सर्वात जास्त छळतो तो सरकारी वकील फुकिए-तँव्हिल. रोज नवीन आरोपपत्रं, गाड्यांची व्यवस्था, सगळं चोख. १७९५ मध्ये त्याच्यावर खटला चालला तेव्हा त्याचा बचाव असा होता की मी कायदा पाळला, वरून आलेले आदेश अमलात आणले. मे महिन्यात त्याचंही डोकं गेलं.

कब्रस्तानाच्या टोकाला लाफायेतची कबर आहे, वर अमेरिकेचा झेंडा. १७८९ च्या क्रांतीचा हा हिरो इथे का पुरलाय, याचं उत्तर चॅपेलच्या भिंतीवरच आहे. त्याच्या बायकोची आजी, आई आणि बहीण, तिघी २२ जुलैला एकाच दिवशी गेल्या. रोबेस्पिएरच्या अटकेच्या पाच दिवस आधी. त्यांच्याजवळच तिला जागा हवी होती, आणि नवरा तिच्या शेजारी. मी ती नावं शोधत होतो तेवढ्यात दार बंद करायची वेळ झाली.