ब्लेडला ठिपके कळत नाहीत

बाइकच्या टाकीवर, रिक्षाच्या काचेवर जे स्टिकर लावतात त्याला आपल्याकडे सरसकट 'रेडियम' म्हणतात. त्यात मादाम क्युरींचं रेडियम औषधालाही नसतं! असतं ते मागे गोंद लावलेलं रंगीत विनाइल. असो, नावात काय आहे. या वीकेंडचा विषय आहे ते कापणारी रेघ.

तुम्ही दुकानदाराला लोगोचा फोटो पाठवता आणि तो म्हणतो, "साहेब, हे नाही चालणार. कोरलची फाइल आहे का?" त्याचं बरोबर असतं. फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी: ठिपके मांडलेत, रेघा ओढायच्या बाकी आहेत. कटिंग प्लॉटरच्या ब्लेडला फक्त रस्ता कळतो. कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठे पोचायचं, बस्स.

हा रस्ता सांगायची भाषा फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांत जन्मली. त्या काळी गाडीचा आकार आधी कागदावर, मग मातीच्या मॉडेलवर, मग साच्यांत उतरायचा. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी तोच वक्र पुन्हा काढायचा आणि दरवेळी थोडा फरक पडायचा. मग वाद, की खरा आकार कुठला? रेनोमधल्या पिएर बेझिए यांनी 1960च्या दशकात उपाय काढला: आकार आकड्यांतच लिहा. दोन बिंदू टोकांचे आणि मधले दोन, जे रेघेला आपल्याकडे खेचतात. चार बिंदू दिले की वक्र ठरला. तो पॅरिसमध्ये काढा नाहीतर परभणीत, तसाच येणार!

गंमत म्हणजे सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तलजो यांना 1959 मध्येच हे सापडलं होतं. पण कंपनीने ते गुपित ठेवलं. बेझिए यांचं काम प्रसिद्ध झालं आणि वक्राला त्यांचं नाव चिकटलं. कास्तलजो यांच्या वाट्याला पुढे त्या वक्रावरचे बिंदू काढायच्या रीतीचं नाव आलं. एनडीएवर सह्या केलेल्या आपण सर्वांनी इथे एक मिनिट शांतता पाळावी.

पुढे 1984 च्या पोस्टस्क्रिप्टने हाच वक्र छपाईत आणला, 1987 मध्ये इलस्ट्रेटर आलं, 1989 मध्ये कोरलड्रॉ. पण ठिपक्यांवरून उलट वक्र शोधायचा कसा? याचं मला सर्वात आवडणारं उत्तर म्हणजे पीटर सेलिंजर या गणितज्ञाचं 2001 मधलं पोट्रेस. फुकट आहे, इंकस्केपमध्येही आहे. ते आधी काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरून चालतं, मग त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाटेला कमीत कमी बाजूंचा बहुभुज बसवतं आणि शेवटी प्रत्येक कोपऱ्याशी थांबून विचारतं: हा खरंच कोपरा आहे, की वळण?

सगळी मेख इथेच आहे. हा निर्णय एका आकड्यावर ठरतो. तो 0 ठेवला तर सगळेच कोपरे, 1.3334 ठेवला तर एकही नाही. मूळ सेटिंग 1. आता गणपतीचं चित्र घ्या. सोंडेला वळण हवं, मुकुटाला टोक हवं आणि आकडा मात्र पूर्ण चित्राला एकच! शिवाय चित्रातली बारीक रेघ ब्लेडला रेघ दिसत नाही, तिच्या दोन्ही कडा कापल्या जातात. मधली पट्टी फार अरुंद असेल तर सोलताना फाटते.

देवनागरीत आणखी एक भानगड. टाइप केलेल्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर चढलेल्या असतात. पडद्यावर एकसंध दिसतात, पण ब्लेड इमानदारीत प्रत्येक अक्षराची कड कापतं आणि शिरोरेखेचे तुकडे होतात. म्हणून आधी अक्षरं 'वेल्ड' करावी लागतात.

दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला हे सगळं कुणी शिकवलं नव्हतं. कुठे ब्रश दाबायचा, कुठे टोक काढून उचलायचा हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. बेझिए यांच्या वक्राने घेतलेला निर्णय जसाच्या तसा पोचवायची सोय केली. निर्णय घ्यायला माणूस अजून लागतोच. रेडियमवाल्याकडचा पोरगा ट्रेस झाल्यावर झूम करून एकेक नोड सरकवत बसतो ना, तो हेच करत असतो.

तेव्हा त्याने डिझाइनचे वेगळे शंभर रुपये मागितले तर घासाघीस करू नका, मंडळी.