जुने यंत्र, नवी प्रणाली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. पुढची प्रणाली, विंडोज ११, जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी संगणक एकाएकी कालबाह्य ठरले. अशा वेळी लिनक्स बसवून पाहा, असा सल्ला कोणीतरी देतो. सल्ला चांगला आहे. पण कधी कधी असे होते, की पडदा उजळतो, कळफलक चालतो आणि वायफाय मात्र ओळख दाखवत नाही. असे का व्हावे?

संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची स्वतःची एक भाषा असते. कोणत्या जागी कोणता आकडा लिहिला म्हणजे उपकरण काय करील, हे त्याच्या उत्पादकाला ठाऊक असते. प्रणाली आणि उपकरण यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. दुभाषी नसला की धडधाकट उपकरणही मुके.

हे दुखणे लिनक्सहून जुने आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेसर प्रिंटर आला. कागद अडकला की वापरणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना जावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरसाठी केली होती. नव्या प्रिंटरची मूळ आज्ञावली मात्र कंपनीने दिलीच नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे ती होती. पण गुप्ततेचा करार केल्याचे सांगून त्याने नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभवही होता.

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी जानेवारी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला. स्मृती ४ मेगाबाइट, हार्डडिस्क ४० मेगाबाइट. ऑगस्टमध्ये आपल्या नव्या प्रणालीची वार्ता देताना त्यांनी लिहिले, की ‘एटी’ प्रकारच्या हार्डडिस्कखेरीज दुसरी डिस्क ती बहुधा कधीच चालवणार नाही, कारण आपल्यापाशी तेवढीच आहे. वाचताना हसू येते. पण लिनक्सची पुढची वाटचाल पुष्कळशी याच न्यायाने झाली. ज्याच्यापाशी जे यंत्र, त्याने त्याचा ड्रायव्हर सांभाळावा. शिवाय हे ड्रायव्हर कर्नेलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, मूळ आज्ञावलीतच ठेवले जातात, आणि गाभ्यात बदल करणाऱ्याने त्यामुळे अडणारे ड्रायव्हरही दुरुस्त करायचे असा प्रघात आहे. म्हणूनच उत्पादकाने केव्हाच सोडून दिलेले नेटवर्क कार्ड आजच्या लिनक्सवर निमूट चालू लागते.

सांभाळणारा उरला नाही तर? २०१९ मध्ये फ्लॉपीच्या ड्रायव्हरवर ही वेळ आली. चालू स्थितीतले यंत्र चाचणीसाठी मिळणेच कठीण झाल्याने टोरवाल्ड्स यांनी त्याची ‘अनाथ’ म्हणून नोंद केली. पुढे त्याला नवा पालक मिळाला.

३८६ चे भाग्य एवढे नव्हते. एखादी नोंद तपासणे आणि बदलणे ही दोन्ही कामे एका झटक्यात करणारी आज्ञा या प्रोसेसरमध्ये नाही. ती १९८९ च्या ४८६ मध्ये आली. एकाच हजेरीपटावर दोन शिक्षक एकदम लिहू लागले तर जो घोळ होईल, तो या आज्ञेने टळतो. अनेक प्रोसेसरांच्या काळात ३८६ साठी वेगळी तजवीज ठेवणे जड जाऊ लागले. डिसेंबर २०१२ मध्ये ती काढण्यात आली आणि फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून, जिच्यावर लिनक्स जन्मले त्या जातीच्या प्रोसेसरवर ते चालेनासे झाले.

आता पुन्हा वायफायकडे. ब्रॉडकॉम कंपनीच्या जुन्या चिपांची माहिती उघड नव्हती. स्वयंसेवकांनी कंपनीच्या ड्रायव्हरचा अभ्यास करून एका गटाने चिपचे वर्णन लिहिले आणि दुसऱ्याने केवळ त्या वर्णनावरून ड्रायव्हर रचला. अशी विभागणी केली की नक्कल केल्याचा आरोप येत नाही. हा ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नेलमध्ये आला. पण चिपच्या आत भरावी लागणारी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, कंपनीच्या मालकीचे राहिले. ते वाटण्याची परवानगी नाही, म्हणून ते वेगळे उतरवून घ्यावे लागते. आणि उतरवायला इंटरनेट हवे, जे वायफायवाचून नाही! यावर उपाय साधा आहे: तेवढ्यापुरती नेटवर्कची केबल लावावी किंवा मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे.

इतर पुष्कळ चिपांचे फर्मवेअर वाटता येते, तरी ते मुक्त नाही म्हणून डेबियन ही लिनक्सची मंडळी ते आपल्या अधिकृत संचात घालत नसत. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते संचातच येऊ लागले. तत्त्वाला मुरड पडली खरी, पण माझ्या मते शाळांच्या दृष्टीने निर्णय योग्यच झाला.

संगणक निवडताना एवढे पाहावे, की प्रोसेसर ६४ बिटांचा आहे का. २००६ चा कोअर २ ड्युओ तसा आहे. त्याआधीचे पुष्कळसे नाहीत. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांसाठी कर्नेल नाही. त्यांच्यासाठी डेबियन १२ आहे, आणि त्याची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत व्हायची आहे.