‘गोव्याहून काय आणलंस?’ या प्रश्नाला फ्रिज मॅग्नेट सोडून काय उत्तर देता येईल?

गोवा-कोकण ट्रिपचा शेवटचा दिवस बहुतेकांचा सारखाच असतो. चेक-आऊट झालेलं असतं, गाडी परतीला लागलेली असते आणि अचानक आठवतं की घरच्यांसाठी काहीच घेतलेलं नाही. मग हायवेवरच्या पहिल्या मोठ्या दुकानात गाडी थांबते, काजूची सहा पाकिटं, दोन मॅग्नेट आणि ‘आय लव्ह गोवा’ लिहिलेला टी-शर्ट घेतला जातो. तो टी-शर्ट पुढे फरशी पुसायला जातो, हे घेणाऱ्यालाही माहीत असतं.

खरं तर याच रस्त्यावर भारी वस्तू मिळतात. फक्त कुणासाठी काय, हे आधी ठरवावं लागतं.

काजू घेताय? मग आकडा बघा

काजूच्या पाकिटावर डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असं लिहिलेलं असतं. एका पाऊंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये अख्खे काजू किती बसतात, त्याचा हा आकडा. म्हणून आकडा जितका लहान, तितका काजू मोठा आणि महाग. भेट म्हणून डबा द्यायचा असेल तर २४० दिसायलाही छान दिसतो. पण आईला शिऱ्यात आणि काकूला रस्स्यात घालायला हवे असतील, तर तुकडा काजू घ्या. चव तीच असते आणि पैसे बरेच वाचतात.

आणखी एक गोष्ट. गोव्यातल्या दुकानात मिळाला म्हणून काजू गोव्याचाच असेल असं नाही. भारतात प्रक्रिया होणारा बराचसा कच्चा काजू आफ्रिकेतून येतो. स्थानिकच हवा असेल तर दुकानदाराला थेट विचारा, पॅकिंगची तारीख बघा आणि जमल्यास एक खाऊन बघा. जुना माल लगेच खवट लागतो. कोकणात थांबणार असाल तर वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळालेला आहे.

खाऊ देताना घेणाऱ्याचं ताट आठवा

बेबिंका हा गोव्याचा थरांचा गोड पदार्थ. त्याला २०२३ मध्ये जीआय मिळाला. एक थर भाजला की त्यावर दुसरा, असं करत तो बनतो, त्यामुळे हाताने करणाऱ्याचा अख्खा दिवस त्यात जाऊ शकतो. भेट म्हणून उत्तमच. पण त्यात नारळाच्या दुधासोबत अंड्यातला पिवळा बलकही असतो. केकसारखा दिसतो म्हणून शाकाहारी आत्याच्या हातात ठेवलात आणि तिने नंतर पाकिटावरचे घटक वाचले, तर पुढच्या दिवाळीपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

कोकमाचंही तसंच. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये जीआय मिळाला, पण दुकानात ते तीन रूपांत दिसतं. आमसूल म्हणजे वाळवलेली सालं, आगळ म्हणजे मीठ घातलेला आंबट रस आणि अमृत कोकम म्हणजे साखरेचं सरबत. मधुमेह असलेल्या काकांना अमृत कोकम देणं म्हणजे साखरेची बाटली देणं. बीपी असलेल्यांना आगळ देताना त्यातलं मीठ लक्षात ठेवा. आमसुलं मात्र कुणालाही चालतात, सांडत नाहीत आणि वर्षभर आमटीत पडतात.

ऑफिसमध्ये वाटायला मालवणी खाजा घ्या. बेसनाच्या कांड्या, वर गूळ आणि आलं. स्वस्त, टिकाऊ आणि अंड्याचा प्रश्न नाही. आजोबांच्या दातांचा प्रश्न मात्र आहे.

सावंतवाडीत एक तास काढाच

मुंबई-गोवा हायवेपासून सावंतवाडी शहर जवळच आहे, तरी बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. इथल्या चितार आळीत लाकडी खेळणी मिळतात. लाकडाची केळी, आंबे, वांगी इतकी हुबेहूब असतात की पाहुणे हात लावून बघतात. भाचरांसाठी घेत असाल तर तीन वर्षांखालच्या मुलाला छोटी फळं देऊ नका, ती थेट तोंडात जातात.

मोठ्या माणसासाठी खरी भेट म्हणजे गंजिफा. हे गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात, विष्णूच्या प्रत्येक अवताराचे १२. छापील पत्ते आल्यावर ही कला संपतच आली होती. सावंतवाडीच्या राजघराण्याने ती पुन्हा उभी केली आणि आजही राजवाड्यात कलाकार बसून पत्ते रंगवताना दिसतात. पूर्ण संच महाग असतो, आणि एवढे पत्ते एकेक करून रंगवायचे म्हटल्यावर तो असणारच. बजेट कमी असेल तर गंजिफाची चित्रं असलेल्या छोट्या वस्तूही मिळतात. अशा खरेदीत घासाघीस जरा कमी करा. मॉलमध्ये कुणी करत नाही.

हे मात्र आणू नका

किनाऱ्यावर किंवा पूजेच्या दुकानात ‘इंद्रजाल’ नावाने काळी, जाळीदार फांदी विकतात. घरात लावली की नजर लागत नाही, असं सांगतात. ती वनस्पती नाही, समुद्रातल्या प्रवाळाचा प्रकार आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहे. विकणं तर गुन्हा आहेच, जवळ बाळगणंही आहे. पांढऱ्या, फांद्या फुटलेल्या प्रवाळाच्या शोपीसलाही हेच लागू होतं.

दुसरी गोष्ट दारू. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मिळाला, त्यामुळे मित्रांसाठी ती न्यावीशी वाटणं साहजिक आहे. पण गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बांद्याच्या पुढे इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाड्या उघडून बघतात. बाटलीसोबत गाडीही जप्त होऊ शकते. दुकानातलं बिल म्हणजे परवाना नव्हे, ‘दोनच बाटल्या आहेत साहेब’ हेही कामाला येत नाही.

आणि ट्रिपभर तुमच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या शेजारच्या काकूंचं नाव यादीत लिहिलंय ना? बहुतेक वेळा त्यांनाच उरलेलं पाकीट मिळतं.