पाटे, ड्रम आणि डिस्क : जुन्या पिकअपच्या पुढच्या चाकांचा इतिहास

१/१४
सत्तर वर्षे जुन्या पिकअपला नवे ब्रेक बसवले, तर तिचा इतिहास पुसला जातो का? जुन्या गाड्यांच्या चाहत्यांत हा वाद नेहमीचा आहे. उत्तर शोधायचे तर आधी पुढच्या चाकांकडे पाहावे लागते. उदाहरणादाखल १९४७ ते १९५५ या काळातली शेवरलेट ३१०० ही अर्ध्या टनाची पिकअप घेऊ. रस्ते मात्र आपल्या पालघरचे घेऊ.

२/१४
शेवरलेट हे नाव मुंबई इलाख्याला परके नव्हते. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग जहाजाने येत आणि गाड्या तिथे जोडल्या जात. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याला डॉज आणि फार्गो गाड्यांची जोडणी सुरू केली. अमेरिकी बनावटीचा मालवाहू सांगाडा महाराष्ट्राच्या रस्त्यांवर रुळला तो या दोन कारखान्यांमुळे.

३/१४
या पिकअपच्या पुढच्या बाजूची रचना बैलगाडीच्या आसाशी नाते सांगणारी आहे. दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध पोलादी ॲक्सल, त्यावर दोन्ही बाजूंना पाटे, आणि चाक वळावे म्हणून टोकांना किंगपिन. रचना दणकट आणि दुरुस्तीला सोपी. दोष एवढाच, की डावे चाक खड्ड्यात गेले की त्याचा हिसका उजव्या चाकालाही बसतो. किंगपिन आणि बुश झिजले की चाके थरथरू लागतात व स्टिअरिंग हातात ठरत नाही.

४/१४
ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. पायाच्या दाबाने मास्टर सिलिंडरमधले तेल व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचते आणि ब्रेक शू ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबले जातात. मास्टर सिलिंडर एकच आणि तेलाचा मार्गही एकच. त्यामुळे कुठेही एक नळी फुटली, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात.

५/१४
आता काही सनावळ्या शेजारी ठेवून पाहू. शेवरलेटने आपल्या मोटारींना स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन दिले १९३४ साली. हलक्या ट्रकांना ते मिळाले १९६० साली, म्हणजे २६ वर्षांनी. डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वारने ल मान्सची शर्यत १९५३ मध्ये जिंकली. शेवरलेटच्या पिकअपवर पुढचे डिस्क ब्रेक सरसकट आले १९७१ मध्ये. सुख आणि सुरक्षितता आधी साहेबाच्या मोटारीला मिळाली, माल वाहणाऱ्याच्या गाडीला सर्वांत शेवटी.

६/१४
भारतात तर ही रांग पुढे सरकलीच नाही. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर, ज्यांच्याकडे देशातच उत्पादन करण्याची योजना नव्हती त्या परदेशी कंपन्यांना इथे जागा उरली नाही. १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला. १९६० आणि १९७१ च्या सुधारणा त्या वाटेने इथे कधी पोहोचल्याच नाहीत. गाड्या राहिल्या, कारखाना गेला. पुढचा इतिहास मिस्त्र्यांनी घडवला.

७/१४
दरम्यान रस्ते बदलले. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि कोळगावला जिल्हा मुख्यालय आले. आज कोळगावहून बोईसरकडे निघालेल्या जुन्या पिकअपच्या पुढे टँकर असतो आणि मागे बस. मनोरकडे निघालात तर वाघोबा खिंडीचा उतार, आणि त्यापुढे अहमदाबाद महामार्गाचा वेग.

८/१४
वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ताशी ४० ऐवजी ८०ने धावणारी गाडी थांबवताना ब्रेकला चौपट उष्णता पचवावी लागते. उतारावर ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर सरकतो आणि पाय खोल जाऊ लागतो. कोकणच्या पावसात पाणी शिरले तर लायनरची पकड सुटते. डिस्क मात्र उघडी असल्याने लवकर थंड होते आणि फिरता फिरता पाणी झटकते.

९/१४
बदलाचा पहिला मार्ग संयमाचा आहे. मूळ ॲक्सल आणि पाटे ठेवायचे, नवे किंगपिन व बुश घालायचे, चांगले शॉक ॲब्सॉर्बर लावायचे. मग ड्रमच्या जागी ब्रॅकेटवर कॅलिपर आणि डिस्क बसवायची. चासीला कुठेही गॅसकटर लागत नाही. काढलेले भाग जपून ठेवले, तर उद्या गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते.

१०/१४
केवळ डिस्क लावून काम संपत नाही. ड्रममधला शू चाकाच्या फिरण्यानेच आत ओढला जातो. डिस्कला ती मदत नसते, म्हणून दाब जास्त लागतो आणि बूस्टर बसवावा लागतो. मास्टर सिलिंडर दुहेरी हवा, म्हणजे एक मार्ग फुटला तरी दुसरा चालतो. या पिकअपमध्ये तो केबिनच्या जमिनीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असतो. तेल मागे उतरू नये म्हणून नळीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो. मागची चाके आधी जाम होऊ नयेत म्हणून तिकडचा दाबही आवरावा लागतो.

११/१४
दुसरा मार्ग धाडसाचा आहे. चासीचा पुढचा भाग कापून दुसऱ्या गाडीचे स्वतंत्र सस्पेन्शन वेल्ड करायचे. अमेरिकेत यासाठी १९७४ च्या फोर्ड मस्टँग टूच्या धर्तीचा सांगाडा फार लोकप्रिय आहे. गाडी मोटारीसारखी चालते हे खरे. पण कापलेली चासी पुन्हा मूळ होत नाही, आणि वेल्डिंग जरा वाकडे गेले तर चाकेही कायमची वाकडी.

१२/१४
कायदाही इथेच आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. म्हणून काम काढण्याआधी परिवहन कार्यालयाकडून लेखी परवानगीची खात्री करावी. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या ‘व्हिंटेज’ वाहनांना वेगळी नोंदणी दिली खरी, पण त्या व्याख्येत दुचाकी आणि प्रवासी चारचाकी येतात. भाजी, मासळी, विटा वाहिलेली पिकअप तिथेही दाराबाहेरच.

१३/१४
मग इतिहास कुठे जपायचा? आपल्या देवळांकडे पाहा. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी जिथे शिलालेख कोरून ठेवला, तिथे मूळ बांधणी आणि नंतरची भर आपण आजही वेगळी ओळखतो. जिथे नोंद नाही, तिथे दोन्ही हरवतात. गाडीचेही तसेच आहे. राबणाऱ्या गाडीत दुरुस्ती हा तिच्या चरित्राचाच भाग असतो. ब्रेक सुधारल्याने तिचा इतिहास बिघडत नाही. चासी कापली आणि वर काही लिहूनही ठेवले नाही, तर मात्र पुरावा संपतो.

१४/१४
म्हणून एक विनंती. गावात अशी पिकअप उभी असेल, तर काम सुरू होण्यापूर्वी पुढच्या ॲक्सलचे, पाट्यांचे आणि चासी क्रमांकाच्या पाटीचे फोटो मालकाच्या परवानगीने काढून ठेवा. पाट्यांचा कमानीपासूनचा क्रम लिहा. मिस्त्रींना विचारा, कोणता भाग कधी आणि कोणत्या गाडीचा बसवला. निघालेला ड्रम भंगारात जाऊ देऊ नका. त्यावर तारीख लिहून ठेवा. हे कागद कोणत्याही अभिलेखागारात मिळणार नाहीत. ते आपल्यालाच तयार करावे लागतील.